तारेला ओवलेले पडदे

आमच्या मोहल्ल्यातल्या वाचनालयाच्या मास्तरांनी सुचवलं की तुमच्या धंद्यातल्या गमती दिवाळी अंकासाठी लिहा, तेव्हा मी हात झटकले. गमती पुष्कळ आहेत. पण त्या सांगायला बसलो की जीभ दर वेळी एकाच जागी जाऊन अडते, आणि ती जागा गमतीची नाही. ती माझ्या दुकानाच्या दारात टांगलेल्या तारेची आहे. तेव्हा तारेचंच सांगतो. गमती वाटेत येतील तेवढ्या येऊ द्या.

नागपुरात कामठी रोडवर, इंदोऱ्याच्या जवळ माझं टिनाचं दुकान होतं. काम एकच करायचो, गाड्यांचे फ्युएल पंप. गाडीवाले लोक मला मनोहर मिस्तरी म्हणत. ज्यांना गाडीतलं काही कळत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. गाडीची टाकी मागे असते आणि इंजिन पुढे. मागचं पेट्रोल पुढे ओढून आणायला इंजिनाच्या कुशीला मुठीएवढा एक पंप बसवलेला असायचा. त्याच्या पोटात पुरीएवढा पडदा, कापडावर रबर चढवलेला. इंजिन फिरलं की एक दांडी पडद्याला खाली ओढते आणि पेट्रोल आत येतं. मग स्प्रिंग त्याला वर ढकलते आणि पेट्रोल कार्बोरेटरकडे जातं. पडद्याला चीर गेली, तो कडक झाला किंवा ढिला पडला, की गाडी चढावर धापा टाकते आणि शेवटी रस्त्याच्या मधोमध बसते. मालक बॉनेट उघडून इंजिनाकडे असा बघत उभा राहतो जसं काही ते त्याला कारण सांगणार आहे.

जुन्या छोट्या विलायती गाड्यांत हाच पंप विजेवर चालायचा. चावी फिरवली की टिकटिक ऐकू यायची, पेट्रोल भरलं की ती थांबायची. टिकटिक थांबतच नसेल तर कुठून तरी हवा शिरते आहे, आणि मुळीच येत नसेल तर आतल्या छोट्या स्विचची टोकं जळली आहेत. सदरमधल्या एका वकीलसाहेबांच्या गाडीचा हा स्विच नेहमी चिकटायचा. त्यावर एक टपली मारली की तो पुन्हा सुटतो, हे मीच त्यांना शिकवलं होतं. वकीलसाहेबांना ती युक्ती इतकी आवडली की नवा स्विच घालायचं नाव नको. कोर्टासमोर गाडी अडली की काळ्या कोटातले वकीलसाहेब पायातला जोडा काढायचे, बॉनेट उघडायचे आणि पंपाला दोन हाणायचे. मला म्हणायचे, "मनोहर, हा माझ्या साक्षीदारांसारखा आहे. ठोकल्याशिवाय बोलत नाही."

नागपूरचा उन्हाळा हा या धंद्याचा दुसरा मालक. मे महिन्यात पंपातलं पेट्रोल तापून त्याची वाफ व्हायची आणि चांगला धडधाकट पंप मुकाट बसायचा. ड्रायव्हर लोक त्यावर ओलं फडकं बांधत. खापरखेड्याच्या कामावरचे एक ठेकेदार होते, त्यांनी तर जीपच्या पंपाला वाळ्याच्या ताटीचा तुकडा बांधला आणि वर डब्याला भोक पाडून थेंब थेंब पाण्याची सोय केली. त्यांच्या जीपचं बॉनेट उघडलं की अत्तराच्या दुकानात गेल्यासारखं वाटायचं.

आणि आम्ही नागपूरकर उन्हावर कशाचंही बिल फाडतो. पोरगा नापास झाला, ऊन. नवरा-बायकोचं भांडण झालं, ऊन. मीही त्यातलाच. या सवयीनं पुढे माझ्या तोंडाला काळं फासलं, म्हणून ती आधी सांगून ठेवली.

आता तार. पंपाचं काम बाहेरून दिसत नाही. पंप उघडला, झाकला, गाडी चालू झाली. नवा पडदा घातला की जुनाच पुसून बसवला, गिऱ्हाइकाला काय कळणार? म्हणून मी एक रीत पाडली होती. जुना पडदा काढला की मालकाच्या हातात द्यायचा, त्याला चिमटीत धरून वाकवून बघायला लावायचं, आणि मग त्याच्या डोळ्यांदेखत दारातल्या तारेला ओवायचा. पडद्याच्या मधोमध भोक असतंच. वर्षानुवर्षांचे पडदे तिथे एकावर एक चढले होते. खालचे जुने पडदे कडक, तडकलेले, भाजलेल्या पापडासारखे. वाऱ्यानं ते खडखड वाजत. पत्ता विचारला की लोक सांगत, "पडद्याची माळ दिसली की तेच दुकान." मला तिचा अभिमान होता. माझा खरेपणा मी दारातच टांगला आहे असं मी समजत होतो.

आमच्या घरात खरेपणाला फार महत्त्व. बाबा गिरणीत होते. दीक्षेनंतर त्यांनी घरात संध्याकाळची वंदना कधी चुकू दिली नाही. पंचशील म्हणताना आम्हा दोघा भावांना ते हात जोडून समोर उभे करत, अगदी आम्हाला मिशा फुटल्यावरसुद्धा. थोरला सुदाम, माझा दादा, आमच्याच भागातल्या एका पेट्रोल पंपावर मॅनेजर होता. पांढरा शर्ट, खिशाला पेन. बाबांना त्याचं कौतुक जास्त होतं आणि ते मला पटत होतं. मी घरात शिरलो की माझ्याआधी माझा वास शिरायचा.

पेट्रोलचे भाव एकाएकी चढले त्या दिवसांतली गोष्ट. लोकांनी गाड्या झाकून ठेवल्या, गॅरेजवाले माशा मारत बसले, आणि माझ्या दुकानासमोर मात्र रांग. पंप उघडावा तर पडदा फुगलेला. कडक नाही, तडकलेला नाही. भिजलेल्या पोळीसारखा मऊ, लोंबलेला. असा पडदा ओढ धरत नाही. मी नवा घालत होतो, जुना तारेला ओवत होतो आणि गिऱ्हाइकाला सांगत होतो, "गर्मीनं फुगला साहेब. यंदाचं ऊनच तसं हाय." लोक माना डोलावत. नागपुरात या कारणाला कोणी आव्हान देत नाही.

येणारे बरेचजण म्हणत, "तुमच्या भावानं पाठवलं." मला बरं वाटायचं. धाकट्याचं दुकान चालावं म्हणून दादा धडपडतो आहे. लोक मला पंपाचा डॉक्टर म्हणू लागले. मी दुकानाचं टिन बदललं. बायकोला, कुसुमला, म्हणालो, "आपले दिवस फिरले." ती म्हणाली, "एवढ्या गाड्या एकदम काहून बिमार पडून राहिल्या जी?" मी तिलाही ऊनच सांगितलं.

पावसाळा गेला, दिवाळी झाली, थंडी पडली. पडदे फुगतच राहिले. मी उन्हाचं सांगत राहिलो. आज लिहितानाही कानशिलं गरम होतात.

जरीपटक्याकडे दवाखाना असलेल्या एक डॉक्टरीणबाई माझ्या जुन्या गिऱ्हाईक होत्या. स्वतः गाडी चालवायच्या. बाळंतपणासाठी कामठीपलीकडच्या खेड्यांतही जायच्या. त्यांच्या गाडीला मी थंडी सुरू होताना नवा पडदा घातला होता. एक दिवस सकाळी त्या दुकानात आल्या, त्या गाडीशिवाय. आदल्या संध्याकाळी एका अडलेल्या बाईकडे निघाल्या असताना गाडी कामठीच्या पुढे बंद पडली होती. बॅग काखेत घेऊन त्या अर्धा रस्ता चालल्या, उरलेला बैलगाडीतून गेल्या.

"बाई कशी आहे?" मी विचारलं.

"बाई आहे," त्या म्हणाल्या. "बाळ नाही राहिलं. मी वेळेवर पोचले असते तरी राहिलं असतं की नाही, ते मला सांगता येणार नाही. पण मी वेळेवर पोचले नाही."

त्यांचा आवाज चढलेला नव्हता. मी माणूस पाठवून गाडी ओढून आणली, पंप उघडला. मी घातलेला नवा पडदा फुगून लोंबत होता. मी तो बाईंच्या हातात दिला, रीत म्हणून. त्यांनी तो वाकवून बघितला. मग त्या उठल्या आणि तारेजवळ गेल्या. खालचे पडदे बोटानं वाजवून पाहिले, मग वरचे दाबून पाहिले.

"मनोहर, हे खालचे असे कडक आणि वरचे सगळे मऊ, ते का?"

"गर्मी, बाई."

"तू स्वेटर घालून बसला आहेस," त्या म्हणाल्या.

बाकावर टॅक्सीवाला हफीज बसला होता. स्टेशनवर त्याची जुनी अँबॅसेडर होती. तो खाली मान घालून बिडी विझवत म्हणाला, "मिस्तरी, बुरा मत मानना. मैं हफ्तेभर से सोच रहा हूँ. स्टेशन पे जिनकी जिनकी गाडी बैठी, सब एक ही जगह से भरवाते हैं. जहाँ तुम्हारा बडा भाई है."

"मी पण तिथेच भरते," बाई म्हणाल्या.

खापरखेड्याच्या ठेकेदाराची जीप मला आठवली. ती तिकडेच कुठेतरी पेट्रोल भरायची, आणि तिचा पडदा मी त्या सगळ्या हंगामात एकदाही बदलला नव्हता. हे सगळं माझ्या डोळ्यांसमोर होतं. मीच एकेक करून ओवलं होतं. बाई माझ्याकडे बघत होत्या आणि मला त्यांच्याकडे बघता येईना. मी म्हणालो, "विचारतो मी." त्या म्हणाल्या, "विचार," आणि रिक्षा करून गेल्या.

दुपारी दादाला गाठलं. त्याच्या जेवणाची सुट्टी होती. तो पेट्रोल पंपामागच्या बाभळीखाली डबा उघडून बसला होता. मी उभ्या उभ्याच म्हटलं, "दादा, तुमच्या पेट्रोलात काय हाय?"

त्यानं घास हातातच धरला. माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मी खुळ्यासारखं विचारलं आहे.

"मले वाटलं तुले मालूम हाय."

"काय मालूम हाय?"

"अरे, मिलावट. आमचा सेठ रंगातल्या थिनरचे ड्रम आणते, टाकीत टाकते. त्यानंच त रबर फुगते. मी फक्त झाकण उघडून देतो." मग त्यानं आवाज खाली आणला. "तू मिस्तरी हायस गा. पडदे काहून फुगून राहिले हे तुले नाही समजणार, त कोणाले समजन? म्हणून त मी सगळे गिऱ्हाईक तुह्याकडेच पाठवून राहिलो. म्हटलं, आपल्या हातून खराब होऊनच राहिलं, त निदान घरच्याचं भलं व्हाव."

त्याच्या बोलण्यात लबाडी नव्हती. एवढे महिने तो हे माझ्यासाठी करत होता, आणि मी गप्प आहे म्हणजे मला ते कबूल आहे असं धरून चालला होता. मला त्याला मारावंसं वाटलं. आणि त्याच वेळी दुकानाचं नवं टिनही आठवलं, जे मी इतक्या आनंदानं ठोकलं होतं. मी डॉक्टरीणबाईंच्या त्या बाळाचं सांगितलं. दादानं डबा झाकला.

संध्याकाळी वंदनेला आम्ही दोघेही उभे होतो. बाबांनी सुरुवात केली आणि दुसऱ्या शीलावर, न दिलेलं घेणार नाही या शब्दांवर, दादाचा आवाज बंद झाला. बाबा थांबले. त्यांनी दादाकडे बघितलं, मग माझ्याकडे. सांगावंच लागलं. दादानं स्वतःच सांगितलं, भिंतीकडे बघत.

बाबांनी शिवी दिली नाही. मग मला विचारलं, "तू बाईले काय सांगतलं?"

"अजून काई नाही."

"मंग जा, सांग. आन् जे जे येतीन त्याईले सगळ्याईले सांग."

"दादाचं नाव घेऊ?"

"भावाचं नाव घेऊनच सांग. नाव लपवून सांगशीन त ते चुगली होते." मग दादाकडे वळून म्हणाले, "तुह्याबी इज्जतीचा सवाल हाय. पण ते आता संपली, आन् ह्याची अजून अर्धी बाकी हाय."

दादाला तेव्हा दोन लहान पोरी होत्या. वहिनी दारात उभी राहून ऐकत होती. तिनं मला काही म्हटलं नाही, पण त्या दिवसानंतर तिनं मला कधी स्वतःहून चहा दिला नाही.

दुसऱ्या दिवशी मी डॉक्टरीणबाईंना दवाखान्यात जाऊन सांगितलं. मग स्टँडवर टॅक्सीवाल्यांना सांगितलं, वकीलसाहेबांना सांगितलं, दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला सांगितलं: त्या पेट्रोल पंपावर भरू नका, तिथे मिलावट आहे, तिथला मॅनेजर माझा सख्खा भाऊ आहे. मला वाटलं होतं, लोक माझी पाठ थोपटतील. मनात कुठेतरी वाटलंच होतं, खोटं कशाला सांगू. झालं भलतंच. लोक ऐकून घ्यायचे, एकमेकांकडे बघायचे आणि हसायचे. आठवडाभरात एक वाक्य कामठी रोडभर झालं: मोठा भाऊ बिघडवते, लहाना भाऊ सुधारते. आणि आता दोघांचं फाटलं, म्हणून लहाना बोंब मारून राहिला.

हिशोब इतका नेटका बसत होता की मी दुसरा कोणी असतो तर मीही त्यावर विश्वास ठेवला असता. हफीज तेवढा म्हणायचा, "नहीं, मिस्तरी ऐसा नहीं है." पण तो म्हणताना खाली बघायचा. डॉक्टरीणबाई नंतरही गाडी माझ्याकडेच आणत. पडदा बदलला की मी तो त्यांच्या हातात द्यायचो, त्या तो न बघताच परत द्यायच्या. त्यात विश्वास होता की कंटाळा, मला कधी कळलं नाही आणि विचारायची हिंमत झाली नाही.

सेठनं दादाला काढलं. सगळं मॅनेजरनं परस्पर केलं, असं त्यानं लोकांना सांगितलं आणि नवा मॅनेजर ठेवला. पेट्रोल पंप चालूच राहिला. दादा मात्र घरी बसला. जिथे जाईल तिथे त्याच्या आधी त्याची गोष्ट पोचलेली असायची. पोरींच्या शाळेतही पोचली होती. तो दिवसभर ओसरीवर बसून राहायचा आणि कोणी आलं की आत जायचा.

मग एक दिवस मीच त्याला म्हटलं, "दुकानात येऊन बस."

कुसुम मला म्हणाली, "लोक म्हनतीन, पाहा, दोघं एकच होते." मला ते कळत होतं. दादा दुकानात बसला की लोकांची गोष्ट पक्की होणार, त्यावर जणू शिक्काच. नाव सांभाळू की भाऊ, एवढाच प्रश्न होता, आणि भाऊ समोर दिसत होता. दादा आला. मी तार त्याच दिवशी काढली. काढताना ती खडखड वाजली, फक्त खालच्या अर्ध्या भागातून.

दादानं काम चटकन उचललं. पण पुढच्या बाजूला तो कधी बसला नाही. गिऱ्हाईक आलं की मडक्यातलं पाणी प्यायला मागे जायचा आणि ते जाईपर्यंत पाणीच पीत राहायचा. मला सांगायला लाज वाटते, पण तो मागे गेला की मला सुटल्यासारखं व्हायचं. आणि सुटल्यासारखं वाटलं याची वर आणखी लाज. ही दुहेरी लाज घेऊन मी वर्षानुवर्षं पंप उघडले आणि झाकले.

त्यानं एक गोष्ट मात्र स्वतःहून सुरू केली. कोणाचाही पंप आला की तो गाडीच्या टाकीतलं थोडं पेट्रोल काचेच्या बाटलीत घ्यायचा आणि त्यात नव्या पडद्याचा कापलेला तुकडा टाकून ठेवायचा. दुसऱ्या दिवशी तुकडा काढून अंगठ्यानं दाबायचा. मऊ लागला तर मला खूण करायचा आणि मी गिऱ्हाइकाला सांगायचो, पेट्रोल दुसरीकडे भरा. मागच्या फळीवर अशा बाटल्यांची ओळ असायची. लोक विचारत, हे काय? मी म्हणायचो, तपासणी. कोण करतं, ते मी सांगत नसे.

पुढे बरीच वर्षं गेली. सहसा पंप न बिघडणाऱ्या नव्या छोट्या गाड्या रस्त्यावर दिसू लागल्या होत्या आणि आमचं काम ओसरत चाललं होतं. एक दिवस सावनेरकडचा एक जीपवाला आला. बोलका गडी. दादा नेमका पुढेच होता, पंप हातात घेऊन स्क्रू आवळत होता. त्याला मागे जायला सवड मिळाली नाही. जीपवाला बाकावर बसून इकडचं तिकडचं बोलू लागला आणि मग हसत म्हणाला, "याच रोडवर कुठंसे दोन भाऊ होते म्हणे. मोठा पेट्रोलात मिलावट करे आन् लहाना पंप सुधारे. मस्त धंदा होता गा त्याईचा."

मी पेटीत एक पाना शोधू लागलो, जो मला नको होता. दादा मागे गेला नाही. मान वर न करता तो म्हणाला, "होते. मोठा खराब करत होता, हे खरं हाय. पण लहान्याले काईच मालूम नव्हतं."

एवढ्या वर्षांत माझ्या बाजूनं असं कोणी बोललं नव्हतं. मी तोंड उघडणार होतो. हा मोठा भाऊ आहे, मीच तो लहाना, असं काहीतरी म्हणणार होतो.

जीपवाला हसतच होता. "मालूम नव्हतं कसं होईन गा?" तो म्हणाला. "पडदे त त्याच्याच हातात येत होते ना."

दादानं माझ्याकडे बघितलं. मग तो खाली वाकला, पंप इंजिनाला बसवला आणि जीपवाल्याला म्हणाला, "मार चावी." जीप चालू झाली. जुना पडदा बाकावर पडला होता. तो मी उचलला, चिमटीत धरून वाकवला, आणि तार तर केव्हाच काढलेली होती, म्हणून तसाच हातात धरून उभा राहिलो.